शेपटीकडून एक नंबर

गेल्या हिवाळ्यात जालन्यातल्या एका शाळेनं मला मुलांशी बोलायला बोलावलं. निवृत्त शास्त्रज्ञ गावातच राहतो आणि बोलावलं की येतो, एवढं कळलं की शाळा बोलावतात. मीही जातो. पाण्यात उजेड फार लांब जात नाही, आवाज जातो. म्हणून पाणबुडी डोळ्यांनी नाही, कानांनी शोधावी लागते, हे मी त्यांना सांगितलं. जहाजामागं सोडायची संवेदकांची लांब माळ कशी असते ते फळ्यावर काढून दाखवलं. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली, तेव्हा मी माझा ठेवणीतला किस्सा काढला.

किस्सा असा, की आमच्या एका तंत्रज्ञानं अख्खी माळ उलटी बांधली. तीच घेऊन आम्ही समुद्रात गेलो. पाणबुडी आपलीच, आम्हीच तिला सरावासाठी बोलावलेलं. ती दोन दिवस आमच्याभोवती फिरत होती आणि आम्ही एवढे शिकलेले लोक कानाला यंत्रं लावून तिला हुडकत होतो!

मुलं हसली. या ठिकाणी सगळेच हसतात. तीस वर्षांत हा किस्सा मी किती वेळा सांगितला असेल, सांगता येत नाही. सभागृहांत सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला, माझ्या निरोपसमारंभातही सांगितला.

प्रश्न विचारा म्हटल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिनं विचारलं, "सर, माळ कुठून सुरू करायची ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"कुणी?"

मी माइक हातात धरून उभा राहिलो. मुख्याध्यापिकांना वाटलं, म्हातारा दमला. त्यांनी आभार मानले, शाल घातली, नारळ दिला. रिक्षात बसून घरी येताना ती शाल माझ्या मांडीवर होती आणि मला ती अंगावर घेववेना.

कुणी सांगितलं होतं, ते इथे लिहितो. जे सांगू नये असं काही यात नाही. माळ किती लांब होती, किती खोलवर सोडायचो, काय ऐकायचो, हे मी सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

मी मूळचा अंबडकडचा. शिकून समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत लागलो. पाण्यात बुडवून ऐकायचे संवेदक, म्हणजे हायड्रोफोन, एका ओळीत कसे मांडावेत हे माझं काम. एक कान असला तर आवाज आला एवढंच कळतं. ओळीनं पुष्कळ कान असले, की तोच आवाज प्रत्येकाला किंचित मागंपुढं पोचतो, आणि त्या फरकावरून तो कुठून आला ते काढता येतं. कान सारख्या अंतरावर मांडले तर काही आवाजांच्या बाबतीत फसगत होते. एकच पाणबुडी दोन दिशांना असल्यासारखी वाटते. म्हणून मी अंतरं कमीजास्त ठेवली. एका टोकाला दाट, मग हळूहळू विरळ. हे मांडायला मला तीन वर्षं लागली.

ते हातांनी बांधणारा माणूस मात्र दुसरा होता. हुद्द्यानं तंत्रज्ञ, पण सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. माझ्याहून चार वर्षांनी लहान, जालन्याजवळच्याच खेड्यातले. त्या शहरात मराठवाड्याची घरं दोनच, त्यांचं आणि माझं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आठवड्याला एकदा बाजरीच्या भाकरी फडक्यात बांधून आमच्याकडं पाठवायच्या, कारण माझ्या बायकोच्या भाकरी त्या दमट हवेत चिरायच्या. "तुमच्या तिकडं पीठ मळत्यात का कालवत्यात?" असं वहिनी तिला चिडवायच्या.

मनगटाएवढ्या जाड रबरी नळीत संवेदक ओवायचे, प्रत्येकाच्या तारा जोडायच्या, जोड रसायनानं भरून टाकायचे, म्हणजे आत पाणी शिरत नाही. ही नळी आम्ही दोघं आपसात दोर म्हणायचो. जोड भरताना बोटाला तेलाचा अंशही चालत नाही. रसायन धरत नाही आणि महिन्याभरानं समुद्र आत येतो. ज्या दिवशी जोड भरायचे, त्या दिवशी मिस्त्री डोक्याला तेल लावत नसत, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणत नसत. वहिनी म्हणायच्या, "दोर बांधायचा असला की ह्यांचा उपासच असतो." ते सकाळी स्पिरिटनं हात पुसून टेबलाशी बसले, की आम्ही बाकीचे लोक दारातून आत जातानाही पायांचा आवाज करत नसू.

असा तो पहिला मोठा दोर बांधायला घ्यायचा होता आणि इकडं गावी माझ्या थोरल्या भावाचा हात मोडला. विहिरीच्या पाण्यावरची सरकी लावायची होती, मे महिना संपत आला होता. मी आठवडाभराची रजा घेतली. दाट टोकाच्या संवेदकाला एक नंबर धरून काढलेला अंतरांचा नकाशा मिस्त्रींना देऊन आलो. "अडलं तर?" ते म्हणाले. "बुधवारी जालन्यात बियाणं आणायला जाईन, तिथून मीच फोन करतो," मी म्हणालो.

आमच्या घरी सरकी लावायची एक रीत होती. लांब दोरीला मापाच्या अंतरानं चिंध्या बांधायच्या, दोघांनी दोन टोकं धरून ती शेतात ताणायची, आणि प्रत्येक चिंधीपाशी दोन दाणे टोबायचे. सुरुवात नेहमी लांबच्या धुऱ्याकडून, म्हणजे शेताच्या पलीकडच्या बांधाकडून. घराकडं येत येत लावत यायचं, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही आणि शेवटची ओळ झाली की माणूस घरापाशी असतो. ते चार दिवस मी सकाळपासून वाकून हेच करत होतो. रात्री डोळे मिटले तरी चिंध्याच दिसायच्या.

बुधवारी नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या फोनच्या बूथमध्ये शिरलो. पायाशी सरकीच्या पिशव्या, बाहेर फोनसाठी थांबलेले चार जण, आणि अंबडकडं जाणारा टेम्पो हॉर्न वाजवत होता. मिस्त्री फोनपाशीच बसून असावेत, एका घंटीत उचलला.

"साहेब, नकाशावर बाण न्हाई," ते म्हणाले. "एक नंबर कुठून धरू? जहाजाकडून का शेपटीकडून?"

बाण काढायचा माझ्याकडून राहिला होता.

"शेपटीकडून," मी म्हणालो.

"शेपटीकडून?"

"अहो, सरकी कुठून लावतो आपण? लांबच्या धुऱ्याकडून. घराकडं येत येत. तसंच."

ते हसले. "मंग बराबर. म्हंजे शेपटीकडून एक नंबर, फायनल?"

"फायनल."

"कामाच्या वहीत तुमच्या नावानं लिहू का?"

"मी आल्यावर लिहितो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

एक नंबर जहाजाकडून होता. माझ्या कागदांत, यंत्रातल्या गणितात, सगळीकडं जहाजाकडून. ते मला झोपेतही ठाऊक होतं. पण त्या क्षणी माझं डोकं शेतात होतं. टेम्पोत बसलो, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि विसरून गेलो. परत गेलो तेव्हा दोर बांधून तयार होता, सुंदर झाला होता, आणि वहीत लिहायचंही माझ्या डोक्यातून गेलं होतं.

समुद्रावर पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. पाणबुडी आमच्या बरोबर काटकोनात, आडवी आली की स्वच्छ ऐकू यायची. जरा पुढं किंवा मागं सरकली की आवाज फिसकटायचा आणि ती हरवायची. पाण्याच्या थरांना दोष देऊन झाला, जहाजाच्या पंख्याला दोष देऊन झाला. काटकोनातला आवाज सगळ्या कानांना एकदमच पोचतो, तिथं क्रम उलटा असला तरी काही बिघडत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोर परत ओढून घेताना मी डेकवर उभा होतो. ढोलावर नळी गुंडाळली जात होती. नळीवर प्रत्येक संवेदकापाशी पांढरा पट्टा असतो. शेपटी सगळ्यात शेवटी वर येते आणि शेवटी पट्टे विरळ व्हायला हवेत. ते दाट होत गेले.

मला तिथंच सगळं कळलं. उलटा दोर कळला, आणि बूथही आठवला, पिशव्या, हॉर्न, "फायनल?" सगळं. बंदराला लागायला दीड दिवस होता. त्या दीड दिवसात मी कधीही बोललो असतो तर चाललं असतं.

दोर उलटा आहे एवढं सगळ्यांना सांगितलं; फोनचं मी बोललो नाही. पुढच्या महिन्यात मला गटप्रमुख करायचं चाललं होतं. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडत नाही.

चौकशीला तीन जण होते, बोलणं हिंदीत. मिस्त्रींनी सांगितलं, साहेबांचा फोन आला होता, त्यांनी शेपटीकडून सांगितलं. मला विचारलं. मी म्हणालो, "मुझे ऐसी कोई बात याद नहीं." खोटं म्हणावं तर 'आठवत नाही' हे कुणाला सिद्ध करता येत नाही, एवढा विचार मी करून आलो होतो. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आपण काहीतरी चुकीचं बोललो की काय, असं. मग ते त्या तिघांना म्हणाले, "तो मेरी ही गलती होगी, साहब. समझने में हुई होगी."

बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"साहेब, खरंच न्हाई आठवत?"

"नाही हो, मिस्त्री," मी म्हणालो.

आतलं खोटं मी खुर्चीसाठी बोललो. हे कशासाठी बोललो, मला आजही सांगता येत नाही. आणि त्यांनी ते मानलं. स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा जास्त होता.

त्यांना दोराच्या कामावरून काढून भांडारात बसवलं. खिळे, बल्ब, फिनेल मोजून द्यायचं काम. दोन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला आणि जालन्याला परतले; एमआयडीसीत बियाणं निवडायच्या कारखान्यात मशिनी सांभाळायला लागले, असं कळलं. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी नेहमीसारख्या भाकरी पाठवल्या. त्या दिवशी मी माझ्या बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच जाऊन सांगून या. अजून सामान बांधताहेत." मी म्हणालो, "पत्र लिहीन." ती पुढं अधूनमधून विचारायची, "लिहिलं का पत्र?" आता ती नाही.

निवृत्तीनंतर मी जालन्यात घर घेतलं. बारा वर्षं झाली. मिस्त्री याच शहरात आहेत हे मला ठाऊक होतं. एकदा बँकेत पाठमोरे दिसले. मी पासबुक तसंच खिशात घालून बाहेर पडलो. त्याच काळात मी सभांमधून किस्साही सांगत होतो. या दोन गोष्टी एकाच माणसानं कशा केल्या, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला तेव्हा वाटत नव्हतं. सांगून सांगून तो किस्सा मलाही खरा वाटायला लागला होता, इतका, की त्यातला तंत्रज्ञ कुणीतरी वेगळाच झाला होता.

शाळेतून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली.

एमआयडीसीच्या अलीकडच्या वस्तीत त्यांचं घर आहे, दोन खोल्या आणि पत्र्याचं फाटक. मिस्त्री ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त करत होते. समोर कागद पसरलेला, त्यावर आकडे टाकलेले, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू आपापल्या आकड्यावर ठेवलेला. चार स्क्रूंसाठी एवढी मांडणी. पूर्वी ते यंत्राची अख्खी पेटी उघडून डोळे मिटून परत बसवायचे.

मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग ते उठलेच. "आवं, साहेब! या, या! अगं ए, बघ तर कोण आलंय! कवा आल्ता जालन्याला?"

"बारा वर्षं झाली."

"काय म्हणलात? जोरात बोला. कान गेलेत माझे. प्लँटवर मशिनीपाशी उभं राहून राहून." ते हसले. "पाण्यातले कान करता करता आपले घालवले."

मी घरून वाक्यं ठरवून आलो होतो. हळू आवाजात, जवळ बसून बोलायची वाक्यं होती ती. ती तशीच बोललो. मिस्त्री माझ्या ओठांकडं बघत राहिले आणि मान हलवून म्हणाले, "न्हाई कळलं."

पुन्हा बोललो. पुन्हा नाही.

मग मी ओरडलो. "त्या दिवशी फोनवर मीच सांगितलं होतं! शेपटीकडून एक नंबर! तुमची चूक नव्हती!"

शेजारच्या ओट्यावर मेथी निवडणाऱ्या बाईनं मान वर केली. पलीकडं कुणीतरी रेडिओ बारीक केला. आतून वहिनी कपबशा घेऊन आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"म्हंजे?" त्या म्हणाल्या.

"वहिनी, मला आठवत होतं. चौकशीच्या दिवशीही आठवत होतं."

त्यांनी कपबशा खाली ठेवल्या. एक वेळ रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, ह्या माणसानं तवापासून काय काय केलं, ठावं हाय का तुम्हाला? गॅस बंद केला का म्हणून चारदा उठतेत. दुकानात जायचं तर म्हणतेत, लिहून दे, मला तोंडी सांगू नको. पोरीच्या लग्नाची पत्रिका सात जणांकडून वाचून घेतली, तरी छापायच्या दिवशी घाम फुटल्ता. प्लँटवर मोठी मशीन देत होते, तर न्हाई म्हणले. का तर म्हणे माझा मलाच भरवसा न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बारा वर्षं हितंच होतात म्हणता?"

"हो."

"रिक्षाला किती येळ लागला यायला?"

"वीस मिनिटं."

मिस्त्री आमच्या दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून छोटी वही आणि पेन काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"लिहून द्या."

मी लिहिलं. अक्षर वाचता येईल असं काढलं. 'एक नंबर शेपटीकडून धरायला मी फोनवर सांगितलं. मिस्त्रींनी दोनदा विचारून खात्री केली होती. दोर त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर बांधला. चौकशीत मला हे सगळं आठवत होतं आणि मी खोटं बोललो.' खाली सही केली.

त्यांनी बोट फिरवत वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एका शब्दावर बोट थांबलं.

"दोनदा," ते म्हणाले. "दोनदाच इचारल्तं मी. दुसऱ्यांदा फायनल म्हणून." त्यांनी वर पाहिलं. "म्हंजे मला बराबर आठवत होतं."

"बरोबर आठवत होतं," मी ओरडलो.

"अगं, मला बराबर आठवत होतं," त्यांनी वहिनींना सांगितलं. जसं काही त्यांनी ऐकलंच नव्हतं.

त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग त्यांनी जे विचारलं, ते मला कधी सुचलं नसतं. "मंग तो दोर फाडला असंल तुम्ही?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की भांडारात गेल्यानंतर त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. गोपनीय कामाच्या खोलीत त्यांना पाऊल टाकायला परवानगी नव्हती. आपण बांधलेला दोर भंगारात गेला, असं ते तीस वर्षं धरून चालले होते.

"नाही!" मी म्हणालो. "उघडलासुद्धा नाही! आम्ही यंत्रातल्या चिपा बदलल्या. अर्ध्या दिवसाचं काम होतं. तुमची बांधणी तशीच ठेवली आणि आमचं गणित उलटं केलं!"

"शेपटीकडूनच?"

"शेपटीकडूनच! पुढं कितीतरी वर्षं तसाच समुद्रात जात होता!"

"ऐकू यायचं का?"

"यायचं! फार छान यायचं!"

हे मी भर वस्तीत ओरडून सांगावं की नाही, याचा विचार माझ्या मनात आला. पण तोवर सांगून झालं होतं, आणि मेथीवाली बाई मान डोलवत होती.

मिस्त्री आत गेले. मला वाटलं, आता आपण उठावं. ते धुतलेला सदरा घालून, वही खिशात ठेवून बाहेर आले. "चला," म्हणाले.

"कुठं?"

"माझ्या भावाकडं चाललेत," वहिनी म्हणाल्या. "त्याचं तोंड बंद करायला. जा तुम्ही बी. जायलाच पाहिजे तुम्ही."

वहिनींच्या धाकट्या भावाची पिठाची गिरणी दोन गल्ल्या सोडून आहे. हा मेव्हणा मिस्त्रींना 'उलटे दाजी' म्हणतो, हे वाटेत कळलं. लग्नात मांडवाचं तोंड चुकलं की हा सगळ्यांसमोर विचारणार, "दाजींनी बांधला का?" मिस्त्री हसायचे. खरंच असंल, म्हणायचे.

गिरणी चालू होती, पट्टा फडफडत होता. ओळीत डबे आणि पाच-सहा माणसं. मेव्हण्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या.

"बंद कर," मिस्त्री म्हणाले.

"दाजी, गिऱ्हाईक हायेत की."

"बंद कर म्हणलं न मी!"

या माणसानं असं कधी कुणाला म्हटलं नसावं. मेव्हण्यानं बटण दाबलं. जातं थांबायला वेळ घेतं. आवाज उतरत उतरत गेला आणि मग सगळे आमच्याकडं बघायला लागले.

"सांगा, साहेब," मिस्त्री म्हणाले.

मी सांगितलं. दोर म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. कुणी हसलं नाही. ज्वारीचा डबा घेऊन बसलेली एक म्हातारी शेवटी म्हणाली, "म्हंजे सांगितलं तू, अन् नाव ह्याचं झालं. असंच ना?"

"असंच, मावशी."

"लई दिवस लावले, बाबा," ती म्हणाली.

मेव्हणा मिस्त्रींकडं वळला. त्याचं तोंड उतरलं होतं. त्यांना कळावं म्हणून तो जवळ येऊन बोलला, "दाजी, मंग इतकी वर्षं तुम्ही बोलला का न्हाई?"

"मला तरी कुठं माहीत होतं?" मिस्त्री म्हणाले.

मेव्हण्यानं स्टुलावरचं पीठ गमछ्यानं झटकलं आणि त्यांना बसवलं. म्हातारी म्हणाली, चालू कर आता, ज्वारी राह्यली माझी.

मला वाटलं होतं, त्या दिवशी संपेल. परत येताना मिस्त्री माझा दंड धरून चालत होते. माझे गुडघे त्यांच्यापेक्षा वाईट आहेत. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "रविवारी या. अंकुशनगरला माझा चुलतभाऊ हाय, साखर कारखान्यावर. त्यालाबी सांगायचंय. अन् प्लँटचे दोघं-तिघं हायेत. बारा वर्षं हितंच हाय म्हणं तुम्ही, मंग येळ असंल तुम्हाला."

तेव्हापासून आम्ही जातो. रविवारी मी रिक्षा घेऊन येतो, ते धुतलेला सदरा घालून तयार असतात. कुणाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, मग ते म्हणतात, "सांगा, साहेब," आणि मी सांगतो. आता पहिल्यासारखी जीभ अडखळत नाही. एखादी गोष्ट गाळली की ते वही काढून दाखवतात. वहिनींनी पहिले दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मागच्या वेळी निघताना माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं आणि दार लोटून घेतलं. घरी येऊन सोडलं तर भाकरी होत्या.

प्रयोगशाळेला मी सविस्तर पत्र लिहिलं. इतक्या जुन्या कागदांवर आता काही करता येणार नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. ते उत्तर मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी वाचून परत दिलं, म्हणाले, "त्यांना काय करायचंय." ज्यांनी माझा किस्सा ऐकला आणि हसले, ते कुठं कुठं आहेत मला ठाऊक नाही. त्यांच्या घरी रिक्षानं जाता येत नाही, म्हणून हे लिहिलं.

दिवाळीला त्यांची मुलगी पुण्याहून येते आहे. वडील भांडारात बसायला लागले तेव्हा ती सहा वर्षांची होती. वडिलांच्या हातून काहीतरी मोठं बिघडलं होतं, एवढंच ऐकत ती वाढली. मी म्हटलं, "मिस्त्री, पाडव्याला येऊ का? ताईंना सांगायला?"

त्यांनी माझे ओठ वाचले.

"या तुम्ही फराळाला," ते म्हणाले. "पण तिला तुम्ही सांगू नका. तिला मी सांगतो."

मी बरं म्हणालो. त्या दिवशी मी नुसता बसून ऐकणार आहे.